पलीकडच्या नंबरची गाडी

(नागपूरच्या इतवारीतल्या एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्यांच्या आठवणीत आपण दरवर्षी जमतो त्या दिवाणजींनीच मला वेळेआधी येण्याची खोड लावली. आज पंधरा मिनिटं हाती होती, म्हणून खाली गल्लीत उभा राहून गाड्यांचे नंबर वाचत होतो. करसल्लागाराची करमणूक ती एवढीच. अठरा चारचाकी मोजल्या. सगळ्यात जास्त एमएच-४९, ते साहजिकच आहे, आपला हा भाग पूर्व नागपूरच्या आरटीओत येतो. त्याखालोखाल एमएच-३१, म्हणजे शहराचं जुनं कार्यालय. तीन एमएच-४०, नागपूर ग्रामीणच्या. एक बीएच. आणि दोन पाहुण्या: एक सीजी-०८, राजनांदगावची, एक एमपी-२८, छिंदवाड्याची. छिंदवाड्याच्या गाडीत आरशाला टेकडीच्या गणपतीचा फोटो लटकलेला आणि मागच्या काचेवर आपल्याच शहरातल्या एका शाळेचं स्टिकर. पाहुणी कसली, घरचीच आहे ती. मालक या सभागृहात बसलेला असणार. त्यानं घाबरू नये. मी स्वतः त्याच वाटेनं गेलेलो आहे, आणि आजचं बोलणं त्याबद्दलच आहे.

मंडळींनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, सीमेपलीकडून स्वस्तात गाडी आणणं. फोनवर जरा शांतता पसरली. या मालेत ज्ञानेश्वरीवर बोलून झालं, विदर्भाच्या सिंचनावर बोलून झालं, गाडीवर कोण बोलणार? पण दिवाणजींच्या नावानं चालणाऱ्या मालेत हिशेबावर एकदा तरी बोललं जायला हवं, असं मला वाटतं.

नव्या पिढीसाठी सांगतो. दिवाणजी किराणा ओळीतल्या एका पेढीवर हिशेब लिहीत. त्यांना नावानं कोणी हाक मारली नाही, मीही मारली नाही. मी बी. कॉम. करून त्यांच्या हाताखाली दोन वर्षं बसलो. इतवारीत भाव विचारणारा माणूस कच्चा समजतात, पडता विचारणारा पक्का. माल मस्कासाथेत दीडशे रुपयांनी स्वस्त मिळाला, ठीक आहे. पण हमाली किती, ठेल्याचं भाडं किती, तूट किती, उधारी किती दिवसांची, हे सगळं मिळवून माल आपल्या दुकानाच्या ओट्यावर येतो तेव्हा कितीला पडतो, तो पडता. न परवडणाऱ्या सौद्याला इथं सगळ्या जातीधर्माचे व्यापारी एकच वाक्य म्हणतात: पडता नहीं खाता. दिवाणजींनी त्यात एक रकाना वाढवला होता. खेपा. एका कामासाठी किती वेळा जावं लागलं, ते लिहायचं. पैसे शून्य असले तरी खेप लिहायची.

आता माझी गोष्ट. १९९९ साली मी मारुती ८०० घेतली. तेव्हा प्रत्येक राज्याचा विक्रीकर वेगळा होता आणि राज्यांमध्ये दर पाडण्याची चढाओढ होती. शेजारचा कारखाना, शेजारचं गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायला जो तो दर खाली आणत होता. ही चढाओढ इतकी अंगाशी आली की नोव्हेंबर १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांनी दिल्लीत बसून किमान दर ठरवले आणि १ जानेवारी २००० पासून ते लागू झाले. म्हणजे मी जी संधी साधली ती अगदी शेवटच्या गाडीतली होती. माझे मामा सौंसरला. नागपुरातून सावनेरमार्गे निघालं की दोन तासांच्या आत सौंसर. घरात मराठी, बाजारात मराठी, पोळ्याच्या पाडव्याला मारबत मात्र आपल्याकडेच बघायला येणार. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी सौंसर आणि इतवारी एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मामांच्या जन्मापासून मध्य प्रदेश तिथंच आहे, हललो आपण. त्या दिवशी नागपूर उठून मुंबई राज्यात गेलं.

तर मामांचा पत्ता लावला. रेशनकार्डाची झेरॉक्स, मी त्यांच्याकडे राहतो असं शपथपत्र, एजंट. गाडीला एमपी-२८ नंबर पडला. मी ती त्याच संध्याकाळी इतवारीत आणली आणि निकालस मंदिरापाशी नारळ फोडला. रात्री वहीत पान घातलं. जमा बाजूला विक्रीकर आणि रोड टॅक्स मिळून फरक, रुपये ११,४००. नावे बाजूला जीपच्या तीन खेपा ४८०, एजंट ६००, शपथपत्र १५०, मामांकडे पेढे ८०. शिल्लक १०,०९०. पान घेऊन दुसऱ्या दिवशी दिवाणजींकडे गेलो. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा वर केला, पान वाचलं, आणि म्हणाले, “बाबू, पान बंद नको करू. चालू ठेव.”

ते पान शेवटी कुठं गेलं ते मी बोलणं संपवताना सांगतो. आधी कायदा सांगू द्या, त्याशिवाय माझी फी वसूल होत नाही. आजची फी म्हणजे शाल-श्रीफळ, हे मला माहीत आहे.

लोक मला विचारतात, दुसऱ्या राज्याची गाडी महाराष्ट्रात चालवणं गुन्हा आहे का? नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ४६: एका राज्यात झालेली नोंदणी सगळ्या देशात चालते. कलम ४७: गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर मात्र तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी आधीच्या राज्याची एनओसी आणावी लागते. इथपर्यंत कायदा माणसासारखा बोलतो. गोम कलम ४० मध्ये आहे. नोंदणी कुठं करायची? जिथं तुमचं राहतं घर किंवा धंद्याची जागा आहे आणि गाडी जिथं एरवी ठेवली जाते, तिथं. २०१९ च्या दुरुस्तीनं एवढी मोकळीक दिली की राज्यातल्या कोणत्याही आरटीओत करा. म्हणजे एमएच-४० का एमएच-४९, याला आता काही वजन राहिलं नाही. पण राज्य तेच हवं. तेव्हा गुन्हा गाडी चालवण्यात नाही. गुन्हा मामांच्या रेशनकार्डात आहे. मी सौंसरला राहतो, असं मी शपथेवर खोटं लिहून दिलं होतं.

आणि त्या वेळी मला दुसराही कायदा पाठ होता, हे जास्त लाजिरवाणं. महाराष्ट्रानं १९८७ मध्येच खास या चोरवाटेसाठी कायदा केला होता: बाहेरच्या राज्यातून आणलेल्या मोटारींवर प्रवेशकर. कल्पना अगदी इतवारीच्या डोक्याची. तुम्ही पलीकडे जो विक्रीकर भरला तो वजा करा, आणि आमच्या दरापेक्षा जेवढा कमी भरला तेवढा इथं भरा. स्वस्ताईचा जो फरक, नेमका तोच सरकारनं मागायचा. मी दुसऱ्यांना हा कर भरायला सांगत होतो आणि माझी मारुती टांगा स्टँडाजवळ एमपीच्या नंबरानं उभी होती.

हा प्रवेशकर घटनेत बसतो का, यावर देशात पन्नास वर्षं वकिलांची घरं चालली. कलम ३०१ म्हणतं, भारताच्या सगळ्या प्रदेशात व्यापार आणि दळणवळण मुक्त राहील. मग राज्याच्या वेशीवर कर कसा? १९६२ मध्ये राजस्थानातल्या एका बस कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मधला मार्ग काढला: रस्त्याच्या सोयीचा मोबदला म्हणून घेतलेला कर चालेल. नोव्हेंबर २०१६ मध्ये जिंदाल स्टेनलेस खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं, सात विरुद्ध दोन अशा मतांनी, तो मोबदल्याचा सिद्धांतच बाजूला केला. राज्याला कर लावण्याचा अधिकार आहे, फक्त बाहेरच्या मालाला सावत्र वागणूक देता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. आणि गंमत पाहा, निकाल लागला आणि आठ महिन्यांत जीएसटी आला. प्रवेशकराची नोंद तर निकालाआधीच राज्यांच्या यादीतून काढून टाकली गेली होती. पन्नास वर्षं भांडून विहिरीची मालकी ठरली तेव्हा विहीर बुजवून झाली होती.

आता जकात. तीस वर्षांखालच्या मुलांना हा शब्द इतिहासाच्या पुस्तकातला वाटतो. ही इतवारी, म्हणजे रविवारचा बाजार, जकातीच्या नाक्यावर वाढली. शहरात वापरायला, खपवायला किंवा विकायला जे येईल त्यावर महापालिकेचा कर. ट्रक नाक्यावर उभे, ड्रायव्हर खाली स्टोव्ह पेटवून स्वयंपाक करतायत, हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिलंय. गाडीलाही जकात. मग काय, शहराबाहेरचा पत्ता शोधायचा. कोणाचा मावसभाऊ कामठीला, कोणाचं शेत हिंगण्याकडे. तेव्हा पलीकडचा नंबर आणायला सौंसरपर्यंत जायचीही गरज नव्हती, नाका ओलांडला की झालं. नागपुरात १ एप्रिल २०१३ ला जकात गेली, एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आली. एलबीटीविरुद्ध हा बाजार किती दिवस बंद राहिला ते तुम्हीच मला सांगाल. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरती तीही गेली. मग १ जुलै २०१७, जीएसटी.

इथं नीट लक्ष द्या. जीएसटीनं गाडीच्या शोरूम किमतीतला राज्याराज्यातला फरक जवळजवळ संपवला. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के, ते नागपुरात तेवढेच आणि रायपुरात तेवढेच. मग पलीकडे जाण्यासारखं उरलं काय? उरला रोड टॅक्स. तो घटनेनं राज्याच्या हाती दिलाय, सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीत ५७ वी नोंद, आणि त्याला जीएसटीनं हात लावला नाही. जुलै २०१७ मध्येच महाराष्ट्रानं मोटारींचा एकरकमी कर दोन टक्क्यांनी वाढवला. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ९ चे ११ झाले, डिझेलला ११ चे १३. जकात आणि एलबीटीचं उत्पन्न बुडालं, ते भरून काढायचं होतं. म्हणजे नाक्यावरची जकात मेली आणि तिचा आत्मा आरटीओच्या खिडकीत जाऊन बसला. आज पेट्रोलला किमतीप्रमाणे ११, १२, १३ टक्के, डिझेलला १३, १४, १५. कंपनीच्या नावावर किंवा आयात केलेली गाडी असेल तर २०.

हिशेब करू. नऊ लाखांची पेट्रोल गाडी. एक टक्का म्हणजे ९,०००. पलीकडच्या राज्यात दर तीन टक्क्यांनी कमी असला तर वाचले २७,०००. दिवाणजींच्या पद्धतीनं त्यातून खेपा वजा करा, एजंट वजा करा, भाडेकराराचा खोटा कागद वजा करा. वर्षानंतर इथला नंबर घ्यायचा ठरवलं तर गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्र पुन्हा कर मागणार, आणि तिकडचा उरलेला कर परत मागायला तुम्ही तिकडच्या खिडकीवर. नऊ लाखांच्या गाडीला पडता नाही खात. माझं हे मत मी दरवर्षी पाच-दहा लोकांना फुकट देतो आणि त्यातले निम्मे तरीही राजनांदगावला जातात. वाचवल्याचा आनंद वेगळा असतो, तो टक्क्यांत मोजता येत नाही, हेही कबूल केलं पाहिजे.

मोठ्या गाडीचं गणित वेगळं. तिथं खरोखर पैसा आहे. २०१७ मध्ये केरळात जे उघडकीला आलं ते तुम्ही वाचलं असेल. सिनेमातली, राजकारणातली मंडळी कोटीच्या घरातल्या गाड्या घेत होती आणि नोंदणी पुद्दुचेरीत करत होती. केरळात वीस लाखांच्या आसपास भरावा लागणारा कर तिथं दोन लाखांच्या आत भागत होता. फरक इतका की एक आख्खी मध्यमवर्गीय गाडी येते. पुद्दुचेरीतले पत्ते खोटे असल्याच्या आरोपावरून गुन्हे दाखल झाले. कोणी दंडासकट कर भरून मोकळं झालं, कोणी कोर्टात गेलं. महाराष्ट्रालाही हे दुखणं होतंच. इलाज म्हणून आपल्या सरकारनं २०१७ मध्ये एका गाडीचा कर वीस लाखांवर थांबवला. श्रीमंत माणूस दुसऱ्या राज्यात पळून जाऊ नये म्हणून त्याला सवलत! १ जुलै २०२५ पासून ही मर्यादा तीस लाख झाली. नऊ लाखांची गाडी घेणाऱ्यासाठी अशी मर्यादा कोणी घातल्याचं माझ्या वाचनात नाही. तो पळून जाणार नाही याची सरकारला खात्री असावी.

आणि बैद्यनाथ चौकात एखाद्या रात्री उभे राहा. पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या बसचे नंबर वाचा. एनएल-०१, नागालँड. एआर, अरुणाचल. भंडारा रोडवर मालाचे ट्रक बघा, तेच. या बसनं कोहिमाचं तोंड पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. कर कमी, परवाना सोपा, म्हणून कागदावर ती नागा आहे. आमच्या मारुतीला आरटीओचं वायुवेग पथक अडवतं आणि ही बस आपल्या समोरून स्लीपर कोचमध्ये झोपलेली चाळीस माणसं घेऊन जाते.

थोडं खऱ्या सीमेबद्दल बोलतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं अमेरिकेतला मुलगा येताना गाडी घेऊन येईल. येणार नाही. नवी गाडी आयात करायची तर स्टिअरिंग उजवीकडे हवं, वेग किलोमीटरमध्ये दाखवणारं मीटर हवं, दिवे डावीकडून चालणाऱ्या रहदारीला जुळणारे हवेत, ती आधी कुठंही नोंदलेली नको, आणि ठरावीक बंदरांतूनच उतरवायची, न्हावा शेवा त्यातलं एक. न्यू जर्सीतली गाडी पहिल्याच अटीला बाद. वर जकात, म्हणजे केंद्राची सीमाशुल्काची जकात, इतकी की महागड्या गाडीची किंमत दुपटीच्या वर जाते. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क उतरवलं आणि दुसऱ्या हातानं कृषी अधिभार चढवला. बेरीज तीच. एके काळी मात्र आपल्या शेजारी अशी एक वेस होती. गोव्यात पोर्तुगीज होते तोवर तिथं मर्सिडीजच्या टॅक्स्या चालत, आणि अलीकडे सावंतवाडीला अँबॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड याशिवाय चौथं नाव घ्यायची सोय नव्हती. डिसेंबर १९६१ ला ती वेस गेली, टॅक्स्या मागं राहिल्या. पुढं कित्येक वर्षं पणजीला उतरलेला मुंबईकर मर्सिडीजमध्ये बसून हॉटेलात जाई आणि परत येऊन वर्षभर ते सांगत राही.

असले व्यवहार आपणच करतो असंही नाही. माझा एक मावसभाऊ टोरोंटोजवळ राहतो. सप्टेंबर २००७ मध्ये कॅनडाचा डॉलर तीस वर्षांत पहिल्यांदा अमेरिकेच्या डॉलरच्या बरोबरीला आला, पण गाड्यांच्या किमती कॅनडात होत्या तशाच चढ्या. लोक सीमा ओलांडून गाड्या आणायला धावले. हाही बफेलोला चौकशी करून आला. मैलांचं मीटर, दिवसा लागणारे दिवे बसवून घेणं, तपासणी, नोंदणी. त्यात काही कंपन्यांनी आपल्या अमेरिकी विक्रेत्यांना बजावलं, कॅनडावाल्यांना विकू नका, आणि विकली तर तिकडं वॉरंटी नाही. म्हणजे सरकारनं वाट ठेवली आणि दुकानदारानं बंद केली. मावसभावानं शेवटी घराशेजारीच गाडी घेतली आणि मला फोनवर सांगितलं, पडता नाही खाल्ला. टोरोंटोत हा शब्द ऐकून मला इतकं बरं वाटलं!

आता मला जे खरं टोचतं ते.

माझ्या ओळखीतला एक मुलगा. इथं जागनाथ बुधवारीत वाढला, इंजिनिअर झाला, बेंगळुरूला नोकरीला लागला. गाडी नागपुरात घेतली, एमएच-४९, पूर्ण कर भरला, एकरकमी. एकरकमी म्हणजे गाडीच्या अख्ख्या आयुष्याचा. हा गाडी घेऊन बेंगळुरूला गेला. तिथं त्याला अडवलं: आमचा कर भरा. कर्नाटकानं २०१४ मध्ये कायदा बदलून ठेवला होता, बाहेरची गाडी तीस दिवसांहून जास्त राहिली की आमचा आयुष्यभराचा कर द्या. केंद्राचा कायदा बारा महिने म्हणतो, हे म्हणाले तीस दिवस. तिथल्या उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये ती दुरुस्ती रद्द केली, पण तोवर किती पोरांनी दोनदा आयुष्यभराचा कर भरला! भरलेला कर महाराष्ट्राकडून परत मागायचा तर आधी एनओसी, मग तिकडचा नंबर, मग तिकडच्या आरसीची प्रत घेऊन इथं अर्ज. त्याची आई तो कागद घेऊन माझ्या ऑफिसात आली होती. रकमेपेक्षा तिला एकच गोष्ट कळत नव्हती: “पोरानं खोटं काहीच नाही केलं जी, मग याला काहून पकडलं?”

काकू, म्हणूनच पकडलं. त्याच्या कागदावर सगळं खरं होतं. घर नागपूरला, नोकरी बेंगळुरूला, गाडी नागपूरची. तीन खऱ्या गोष्टी एकमेकींशी जुळत नव्हत्या. पुद्दुचेरीवाल्याच्या कागदावर सगळं जुळतं, कारण सगळंच बनवलेलं असतं. आपला वाहनकर माणूस एका जागी जन्मून त्याच जागी मरतो असं धरून रचलेला आहे. पंधरा वर्षांचा कर पहिल्या दिवशी हातात घ्यायचा, ही सरकारची सोय. एके काळी ती ठीक होती. आज बँकेतला अधिकारी चार वर्षांत तीन राज्यं पाहतो. बदली झालेला, लग्न होऊन गेलेली, निवृत्त होऊन मुलाकडे गेलेला, हे या जाळ्यात सापडतात. खोटा पत्ता लावणारा सापडतो तो नशिबानं.

बीएच मालिका यावर उतारा म्हणून आली, सप्टेंबर २०२१ पासून. खाली उभी आहे एक. दोन-दोन वर्षांचा कर भरायचा, दहा लाखांपर्यंत ८ टक्के, वीसपर्यंत १०, पुढं १२ या दरानं हिशेब, आणि देशभर कुठंही जा. उत्तम कल्पना. पण कोणाला? केंद्र-राज्य सरकारी नोकर, सैन्य, बँका, सरकारी कंपन्या, आणि ज्या खासगी कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं आहेत तिथले. इतवारीतला व्यापारी त्यात नाही. छोट्या कंपनीतला मुलगा नाही. मी नाही. माझं म्हणणं साधं आहे: दोन-दोन वर्षांचा कर सगळ्यांना खुला करा, जिथं गाडी असेल त्या राज्याला द्या. मग सौंसरच्या मामांची कोणाला आठवण येणार नाही. राज्यं हे करणार नाहीत, कारण पंधरा वर्षांचे पैसे आज मिळतात ते सोडून दोन वर्षांचे कोण घेईल? उधारीपेक्षा नगद, हे त्यांना इतवारीनं शिकवायला नको.

आता ते पान.

२००३ साली मारुती विकायला काढली. मस्कासाथेतला एक गिऱ्हाईक आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडलंच नाही. नंबर वाचला आणि म्हणाला, “एमपीची गाडी? मग किंमतही एमपीचीच.” आठ हजार तोडले. एनओसीसाठी तिकडच्या खिडकीवर पाच खेपा, ९५० रुपये. कधी साहेब रजेवर, कधी रजिस्टर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडचे एजंट १,८००. इथं नंबर घेताना फरकाचा कर ६,२००. बेरीज १६,९५०. १०,०९० वाचले होते, तेव्हा निव्वळ तोटा ६,८६०, आणि चार वर्षांत चौकाचौकांत एमपीची गाडी म्हणून थांबवलं ते वेगळं. खेपा एकंदर आठ. रेघ मारली, खाली दुहेरी रेघ मारली, आणि पान दिवाणजींकडे नेलं. तेव्हा त्यांना मोतीबिंदू झाला होता, त्यांनी ते खिडकीशी धरून वाचलं.

“मामाचं काय?” ते म्हणाले.

मला कळेना. मी म्हटलं, पेढे लिहिलेत की, ऐंशी रुपये.

मग मला आठवलं, आणि मी त्यांना सांगितलं. २००१ मध्ये माझ्या गाडीनं वर्धा रोडवर एका सायकलवाल्याला धक्का दिला होता. त्याला फारसं लागलं नाही, मिटलं ते. पण नंबर कुणीतरी लिहून घेतला होता, आणि नंबरावरून पत्ता निघाला सौंसरचा. तिथं एक हवालदार गेला. मामा शेतावर होते. तो ओसरीतल्या बाजेवर बसून राहिला, तीन तास. मामीनं त्याला चहा दिला, पुन्हा चहा दिला. घरात गाडी नाही, गाडी चालवणारं कोणी नाही, आणि कागद सांगतो गाडी याच घरातली. गल्लीतली माणसं येऊन दारात उभी. मामा आले तेव्हा त्यांनी, मी त्यांच्याकडेच राहतो, असं सांगितलं. म्हणजे माझं खोटं त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं. मला त्यांनी यातलं काही कळवलं नाही. पुढं सहा महिन्यांनी लग्नात भेटले तेव्हा बोलता बोलता म्हणाले, “पोलीस आला होता बाप्पा घरी. तुझी मामी त्या दिवशी जेवली नाही.”

दिवाणजींनी सगळं ऐकलं. टाक मागितला. त्यांना शाईचा टाक लागे. माझ्या दुहेरी रेघेच्या खाली, जिथं लिहायचं नसतं तिथं, त्यांनी वाकड्या झालेल्या अक्षरात एक नोंद घातली आणि रकमेचा रकाना कोरा सोडला. वही मी आज सोबत आणली आहे, बोलणं झाल्यावर ज्यांना पाहायची त्यांनी पाहावी. नोंद अशी आहे: पत्ता मामांचा वापरला, चार वर्षे. भाडे देणे बाकी.